धुराड्याची साक्ष

भोपाळमधील युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये धार जिल्ह्यातील पिथमपूरला नेण्यात आला. उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २८ फेब्रुवारीपासून त्यातील ३० टन कचरा तीन टप्प्यांत, ताशी १३५, १८० आणि २७० किलो या गतीने, चाचणीदाखल जाळला गेला. उत्सर्जन मानकांच्या मर्यादेत असल्याचे शासनाने सांगितले. सेवेत असताना अशा वाक्याखाली मीही स्वाक्षऱ्या केल्या आहेत. ते वाक्य कसे तयार होते, हे मात्र निवृत्तीनंतरच जाणून घेतले.

डायऑक्सिनचेच पाहा. त्याची मर्यादा प्रति घनमीटर ०.१ नॅनोग्रॅम; नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश भाग. इतका सूक्ष्म अंश हाती लागावा म्हणून धुराड्यात नळी घालून कित्येक तास वायू ओढून घेतात, तोही आतल्या प्रवाहाच्याच वेगाने. वेग चुकला की धूलिकणांचे प्रमाण फसवे येते, आणि हे विष कणांनाही चिकटलेले असते. गाळणी व रेझिनमध्ये अडकलेला ऐवज मग प्रयोगशाळेत जातो. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन क्लोराइड यांची नोंद यंत्रे अखंड करतात. डायऑक्सिनचा आकडा हाती येईतो तो धूर केव्हाच विरून गेलेला असतो. शिवाय भट्टीच्या प्रखर उष्णतेत नष्ट झालेले डायऑक्सिन वायू थंड होताना, साधारण २०० ते ४५० अंशांच्या दरम्यान, पुन्हा तयार होऊ शकते. केवळ भट्टीचे तापमान सांगणे म्हणूनच अर्धे उत्तर होय.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला कागद कोणी, केव्हा, कोणासमोर लिहिला हे विचारण्याची खोड असते. चाचणीचा दिवस आधी ठरलेला असतो, त्या दिवशी कामगार दक्ष असतात आणि कचरा समप्रमाणात पडतो. भट्टी पेटवताना, विझवताना किंवा वीज गेल्यावर ज्वलन अपुरे राहते. नेमक्या त्या घटकांचा नमुना सहसा घेतला जात नाही. जानेवारीत रस्त्यावर उतरलेल्या पिथमपूरकरांना अडाणी ठरवणे सोपे होते. त्यांच्या हाती किती वायू ओढला, ऑक्सिजनची दुरुस्ती कशी केली, कोऱ्या नमुन्यात काय निघाले, यंत्राला किमान किती अंश ओळखता येतो, हे सांगणारा तक्ता देणे आपल्याला सुचले नाही. ‘आढळले नाही’ याचा अर्थ त्या शेवटच्या रकान्यावरच ठरतो.

उरलेला कचरा जून २०२५ अखेर जाळून झाला. मागे राहिली राख. तिचेही नमुने घ्यावे लागतात.