एक परवाना, दोन यंत्रे

सुरत शहराच्या पश्चिमेस, हजीऱ्याकडे जाणाऱ्या मार्गावर इच्छापोर हे गाव आहे. हजीऱ्याचे मोठे कारखाने आणि गावालगतचा हिरे-दागिन्यांचा उद्योगविभाग यांमुळे पोटापाण्यासाठी आलेली मराठी कुटुंबेही या बाजूस वास्तव्य करून आहेत. अशाच एका ख्रिस्ती घरातील हा साधा प्रसंग. प्रसंग संगणकाचा खरा, परंतु प्रश्न सदसद्विवेकबुद्धीचा.

घरातील मुलाने सुटे भाग आणून स्वतःच्या हातांनी नवा संगणक जुळविला. जुना संगणक वसईस मावशीच्या मुलीला तिच्या अभ्यासासाठी द्यावयाचा असे ठरले. विंडोज ही कार्यप्रणाली वडिलांनी काही वर्षांपूर्वी रोख पैसे मोजून विकत घेतली होती. मुलगा म्हणाला, "आई, किल्ली आपलीच आहे. नव्यावर घालू आणि जुन्यावरही राहू देऊ. कोण पाहावयास येतो?"

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. विंडोज विकत घेणे म्हणजे ती प्रणाली मालकीची करून घेणे नव्हे. आपण घेतो तो वापराचा परवाना, आणि पंचवीस अक्षरांची किल्ली ही त्या परवान्याची खूण. हे परवाने मुख्यतः दोन प्रकारचे असतात. तयार संगणकाबरोबर कारखान्यातूनच येणारा परवाना, ज्यास ओईएम म्हणतात, तो त्याच यंत्राशी बांधलेला असतो. शेत विकले की त्यातील विहीर शेताबरोबर जाते. ती उचलून दुसऱ्या शेतात नेता येत नाही, तसाच हा प्रकार. दुसरा रिटेल, म्हणजे स्वतंत्रपणे विकत घेतलेला परवाना. तो पोहऱ्या-दोरासारखा आहे. या विहिरीवरून त्या विहिरीवर खुशाल न्यावा. मात्र एका वेळी तो एकाच विहिरीत सोडता येतो.

आपला परवाना कोणता, हे जाणणे कठीण नाही. कळफलकावरील विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबाव्यात. उघडलेल्या चौकटीत एस, एल, एम, जी, आर ही इंग्रजी अक्षरे सलग लिहून, एक मोकळी जागा सोडून, तिरपी रेघ व त्यापुढे डी, एल, आय ही अक्षरे लिहावीत. क्षणभराने उमटणाऱ्या मजकुरात रिटेल अथवा ओईएम असा उल्लेख सापडतो. हे जुना संगणक मोडण्यापूर्वीच पाहावे. संगणकाची ओळख प्रामुख्याने मदरबोर्ड या मुख्य फलकावरून ठरते. तो बदलला की विंडोजच्या लेखी यंत्रच नवे झाले.

या घरचा परवाना रिटेल निघाला. तेव्हा कामाचा क्रम असा ठरला. प्रथम जुन्या यंत्रावरील कागदपत्रे व छायाचित्रे दुसरीकडे उतरवून घेतली. किल्ली वहीत लिहून ठेवली, आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी परवाना जोडला. ही जोडणीची सोय 2016 पासून उपलब्ध आहे. त्यानंतर नव्या यंत्रावर विंडोजची तीच आवृत्ती घातली, कारण होम आवृत्तीची किल्ली प्रो आवृत्तीस लागत नाही. सेटिंग्जमधील ॲक्टिव्हेशन या पानावर किल्ली भरली, आणि यंत्राने परवाना मान्य केला.

आता उरला जुना संगणक. रिटेल परवान्याची अट स्पष्ट आहे : नव्या यंत्रावर नेताना जुन्यावरून प्रणाली काढून टाकली पाहिजे. ती खरोखर काढली की नाही, हे पाहावयास घरी कोणी येत नाही. मुलाचे म्हणणे त्या अर्थी खरेच होते. तेव्हा आई म्हणाली, "बाळा, मी लग्न होऊन या घरी आले, तेव्हा तुझ्या आजोबांनी आधी माहेरच्या रेशनकार्डावरून माझे नाव कमी करून दाखला आणला. मगच ते इथल्या कार्डावर चढले. दोन्हीकडे नाव राहिले असते, तर एका तोंडाने दोन घरचे धान्य खाल्ले असते. ते कुणा दुसऱ्याच्या वाट्याचे असते."

मुलगा निरुत्तर झाला. सातवी आज्ञा चोरीस मनाई करते, हे आपण बालपणीच धर्मशिक्षणात शिकतो. परंतु खिशात हात घालणे एवढीच चोरी नव्हे. दुसऱ्याचे जे आहे ते अन्यायाने स्वतःकडे ठेवणे हाही त्या आज्ञेचा भंग होय. देशाचा कायदाही याविषयी मुका नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात चोरट्या प्रतीचा जाणूनबुजून वापर करणाऱ्यास 63 ख या कलमान्वये शिक्षा सांगितली आहे. बाजारात काहीशे रुपयांत मिळणाऱ्या किल्ल्यांपासूनही सावध असावे. त्यांतील पुष्कळ संस्थांच्या सामुदायिक परवान्यांतून काढलेल्या असतात आणि पुढे रद्द होऊ शकतात. कुलूप फोडलेल्या फुकट प्रतींबरोबर तर घातक विषाणूही घरात येतो.

मग भाचीस रिकामे यंत्र द्यावयाचे काय? तशी वेळ आली नाही. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे, आणि जुन्या यंत्रात विंडोज 11 ला आवश्यक असलेली टीपीएम 2.0 ही सोय नव्हती. म्हणून मुलाने ती डिस्क पूर्णपणे पुसली व तीवर लिनक्स घातले. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने 1991 मध्ये त्याचा गाभा रचला. त्याच्या परवान्यानेच प्रती करण्याची व वाटण्याची मुभा दिली आहे. त्यावर लिहिणे, हिशेब, मराठी टंकलेखन सारे होते. गरिबाच्या घरीही कोणाचे न चोरता संगणक चालू शकतो, ही समाधानाची गोष्ट आहे.

7 सप्टेंबर 2025 रोजी पवित्रसभेने संतपदी चढविलेल्या कार्लो अकुतिस या मुलास संगणकाचा मोठा छंद होता. पंधराव्या वर्षी, 2006 मध्ये, त्याचे निधन झाले. तत्पूर्वी त्याने आपले कौशल्य पवित्र मिस्साच्या चमत्कारांची माहिती जगापुढे मांडण्यासाठी वापरले. यंत्र स्वतः पुण्यवान नसते की पापीही नसते. ते चालविणारा हात तसा असतो.

जुना संगणक वसईस पोहोचला. त्याच्या पेटीत मुलाने एक चिठ्ठी ठेवली होती : "यातले सगळे तुझे आहे. कोणाचे काही देणे नाही." आपल्या घरातील प्रत्येक वस्तूवर अशी चिठ्ठी निःशंक मनाने ठेवता यावी, हीच प्रभूपाशी प्रार्थना.