फुकटचा मेसेंजर आणि कापडबाजाराचा हिशोब

२६ जून २०२४ रोजी आयसीक्यू बंद झाले. आमच्या भिवंडीच्या बाजारात कोणाला त्याची खबरही लागली नाही, कारण ते वापरणारे जे थोडे लोक इथे होते ते कधीच दुसरीकडे निघून गेले होते. परंतु घरच्या संगणकावरून जगात कुठेही, क्षणात आणि फुकट निरोप पाठवण्याची सवय सर्वसामान्य माणसाला लावली ती प्रामुख्याने याच सॉफ्टवेअरने. त्याच्या मागून आलेली एओएल, याहू आणि मायक्रोसॉफ्टची मेसेंजर एकेक करून बंद पडली, आणि ५ मे २०२५ रोजी स्काइपचाही कारभार आटोपला. आज आपला बहुतेक धंदा व्हॉट्सअॅपवर चालतो. भाव तिथे, नमुन्याचा फोटो तिथे, ऑर्डर तिथे, उधारीचा तगादाही तिथेच. म्हणून या जुन्या फुकट दुकानांची हकीगत व्यापारी बांधवांनी एकदा नजरेखालून घालावी असे आम्हास वाटते.

संगणकावर गप्पा मारण्याची सोय त्याही आधीची. फिनलंडमधील औलू विद्यापीठातील यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली आयआरसी नावाची पद्धत तयार केली. १९९५ साली खालिद मर्दम-बे यांनी विंडोजसाठी एमआयआरसी हे सॉफ्टवेअर काढले, तेव्हा ती साध्या घरगुती संगणकावर आली. पण आयआरसी म्हणजे भरलेली बैठक. कोण कुठला, कशासाठी आला, काही पत्ता नाही. नोव्हेंबर १९९६ मध्ये इस्रायलच्या मिराबिलिस कंपनीने आयसीक्यू आणले, त्यातली नवी गोष्ट होती ती यादी. आपण ओळखीच्या माणसांची यादी करायची, आणि त्यातला कोण या घडीला संगणकासमोर बसला आहे हे पडद्यावर दिसायचे. नावापुढचे फूल हिरवे म्हणजे माणूस हजर, लाल म्हणजे गैरहजर. गैरहजर असला तरी निरोप टाकून ठेवता येई.

व्यापाऱ्याला याचे मोल सांगावे लागत नाही. आमच्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सुरू केले, तरी ते घरात यायला आणखी चार-पाच वर्षे गेली. तोपर्यंत आखातातल्या व्यापाऱ्याशी बोलायचे म्हणजे एसटीडी-आयएसडीच्या बूथमध्ये पुढे पळणाऱ्या आकड्यांवर डोळा ठेवून बोलायचे. दोन पैशांची घासाघीस करायला दहा मिनिटे लागली तर त्या सौद्यात नफा उरत नसे. मेसेंजरवर घासाघीस फुकट झाली.

पूर्ण फुकट मात्र नव्हे. मोडेम फोनच्याच लाइनवर चाले. जोडणी असेपर्यंत फोन व्यस्त, आणि फोनचे मीटर चालू. पेढीचा फोन अडवला तर गिऱ्हाईक तुटेल, म्हणून आम्ही संगणक घरी ठेवला होता आणि इशाच्या नमाजनंतर बसत होतो. दुबई-शारजाची दुकाने उशिरापर्यंत उघडी असतात, ते सोयीचे पडे. घरातली मंडळी म्हणत, दिवसभर बाजार, आता रात्रीही बाजार.

आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो. इंग्रजीत व्यापारी पत्र लिहायचे म्हणजे कोणाची तरी मनधरणी करावी लागे, आणि मग आपला भाव त्यालाही कळे. मेसेंजरवर पत्राचा थाट नव्हता. रोमन अक्षरांत उर्दू लिहिली की झाले. आमच्यासारख्या कित्येक मागवाल्यांनी आणि दलालांनी इंटरनेटवर आपल्या हाताने पहिले वाक्य लिहिले ते असेच, व्याकरणाची भीती न बाळगता. शाळेने दिले नाही ते धाडस या खिडकीने दिले, असे म्हटले तर फार वावगे होणार नाही.

आता या फुकटचा खर्च कोण सोसत होता? सूत फुकट नाही, वीज फुकट नाही, तर हे कसे फुकट? याचा जवाब १९९८ साली मिळाला. त्या वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या एओएलने मिराबिलिस विकत घेतली आणि रोख २८ कोटी ७० लाख डॉलर मोजले. मिराबिलिसची कमाई नावापुरतीही नव्हती. विकला गेला तो माल म्हणजे वापरणारी माणसे. पुढे २०१० मध्ये एओएलने तेच दुकान रशियन कंपनीला १८ कोटी ७५ लाख डॉलरला दिले. बारा वर्षांत एवढी घसरण. आमच्या बाजारात हा घाट्याचा सौदा म्हणतील.

माणसे हाच माल असल्यावर त्याभोवती भिंत बांधणे ओघाने आले. जुलै १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसएन मेसेंजर काढले आणि त्यातून एओएलच्या लोकांशीही बोलता येईल अशी व्यवस्था केली. एओएलने दार लावले, मायक्रोसॉफ्टने फट शोधली, पुन्हा दार लागले. असे काही महिने चालून त्याच वर्षाअखेर मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. याहू आणि एमएसएनची माणसे एकमेकांशी बोलू लागली ती २००६ मध्ये. ईमेलचे तसे नाही. कोणत्याही कंपनीच्या पत्त्यावरून कोणत्याही पत्त्यावर पत्र जाते. मेसेंजरसाठीही तशी खुली पद्धत, जॅबर, १९९९ मध्येच निघाली होती, आणि गूगलने २००५ मध्ये गूगल टॉकसाठी ती घेतली, पण पुढे सोडून दिली. आम्हा गरजूंचा इलाज म्हणजे गेम हे सॉफ्टवेअर, २००७ पासून ज्याचे नाव पिजिन झाले. एकाच खिडकीत याहू, एमएसएन, आयसीक्यू सगळे उघडे. तेही फुकट, पण ते बनवणाऱ्यांनी भिंत बांधली नाही आणि गिऱ्हाईक विकले नाही. चीनच्या पार्ट्या मात्र क्यूक्यूवर असत. यंत्रमागाच्या सुट्या भागांसाठी ते वेगळे घ्यावे लागे.

मायक्रोसॉफ्टचे मेसेंजर २०१३ मध्ये गेले, एओएलचे १५ डिसेंबर २०१७ रोजी, याहूचे १७ जुलै २०१८ रोजी. याहूने जुना मजकूर उतरवून घ्यायला सहा महिन्यांची मुदत दिली होती. आमच्या ओळखीच्या किती जणांनी ती वापरली? एका हाताची बोटे पुरतील.

हा मजकूर का महत्त्वाचा, ते आम्ही भोगले आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी दक्षिणेकडील एका पार्टीने मेसेंजरवरून आमच्याकडे कोऱ्या कापडाच्या चाळीस गाठी मागवल्या. पन्ना, भाव, मुदत सारे लिहून ठरले. माल निघायच्या सुमारास बाजार घसरला आणि पार्टी म्हणाली, आम्ही फक्त चौकशी केली होती. संवाद छापून दाखवला तर जबाब आला, संगणक तुमचा, छपाई तुमची, कोणीही काहीही टंकू शकतो. शेवटी दोन्हीकडचे दलाल आणि बाजारातले दोन बुजुर्ग बसले, आणि भाव तोडून माल गेला. त्या सूताची उधारी फेडायला आम्हास पुढचा सगळा हंगाम लागला.

कायदा याबाबतीत मुका नाही. ईमेलवर ठरलेला सौदा करार ठरू शकतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत या खटल्यात मान्य केले. अडचण येते ती पुराव्याची. आपल्याच जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात २०२० मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की संगणकातील मजकुराची छापील प्रत द्यायची तर सोबत प्रमाणपत्र हवेच. मात्र संगणकाचा किंवा मोबाइलचा मालक स्वतः साक्षीला उभा राहून मूळ यंत्रच हजर करीत असेल तर प्रमाणपत्राची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला असून त्याच्या कलम ६३ मध्ये या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक देणाऱ्याचा आणि दुसरा जाणकाराचा. तेव्हा वाद चालू असताना जुना मोबाइल बदलीत देऊ नये, जुना संगणक भंगारवाल्याला देऊ नये. नवा घ्यायचा तर घ्या, जुना कपाटात राहू द्या.

युरोपात २०२२ च्या कायद्याने बड्या कंपन्यांना मेसेंजरची दारे इतरांसाठी उघडायला भाग पाडले आहे. आपल्याकडे तसे काही नाही, आणि व्हॉट्सअॅप उद्या बंद होईल असेही आम्ही म्हणत नाही. फेसबुकने २०१४ मध्ये ते १९ अब्ज डॉलरला घेतले, ते काही फेकून देण्यासाठी नव्हे. पण खाते बंद पडते, फोन चोरीला जातो, आणि संदेश आपोआप पुसण्याची सोय समोरचा माणूस केव्हा चालू करील त्याचा नेम नाही. ती चालू झाल्याची सूचना चॅटमध्येच येते, ती वाचली पाहिजे.

आमच्या पेढीवर आता रिवाज असा आहे. सौदा कुठेही ठरो, त्याच संध्याकाळी पन्ना, मीटर, भाव आणि मुदत लिहून पार्टीला ईमेल जाते आणि तिचे उत्तर आल्याशिवाय माल बांधला जात नाही. महिन्याअखेर मोठ्या पार्ट्यांचे चॅट एक्स्पोर्ट करून ईमेलवर आणि पेनड्राइव्हवर ठेवतो. बँकेचा खाते क्रमांक बदलल्याचा निरोप आला तर जुन्या नंबरवर फोन करून आवाज ओळखल्याखेरीज पैसे सोडत नाही. मुनीमजी याला वेळेचा अपव्यय म्हणतात. पण त्यांची लाल वही आमच्या वालिदसाहेबांच्या काळापासूनची आहे, आणि तिच्यातले एकही पान कोणत्या कंपनीने बंद केलेले नाही, हे ते आम्हास दर आठवड्याला ऐकवतात.