माल्टाची ब्रिगेड : नामांतरें व पलटणींची वंशावळ

युद्धकालीन कागदांवर पथकाचा आंकडा दिसला कीं त्यावरून पथक ओळखूं आलें, असें आपण धरून चालतों. हें गृहीत किती फसवें आहे तें ब्रिटिश सैन्यांतील २३१ व्या पायदळ ब्रिगेडवरून दिसून येतें.

हा आंकडा प्रथम आढळतो तो १९१७ सालीं, पॅलेस्टाइनच्या मोहिमेंत. तेव्हांची ब्रिगेड ७४ व्या डिव्हिजनमधील असून, घोडे सोडून पायदळ झालेल्या वेल्स, श्रॉपशायर व चेशायरकडील स्वारांची होती. १९१८ सालीं ती फ्रान्सांत लढली.

दुसऱ्या महायुद्धांत हाच आंकडा लावणारी ब्रिगेड हिची कोणीच लागत नाहीं. ती माल्टा बेटावर उभी राहिली. १९३९ सालीं ती 'माल्टा पायदळ ब्रिगेड' होती. १९४० सालीं 'दक्षिण पायदळ ब्रिगेड', जुलै १९४२ मध्यें 'पहिली (माल्टा) पायदळ ब्रिगेड' आणि १ एप्रिल १९४३ रोजीं '२३१ वी', अशीं तिचीं नांवें पालटत गेलीं. म्हणून बेटाच्या वेढ्यांतील तिच्या रोजनिशींत २३१ हा आंकडा शोधणें व्यर्थ होय. या काळांत शिपायांनीं विमानतळांवरील बाँबचे खड्डे बुजविले, मातीनें भरलेले पेट्रोलचे डबे रचून विमानांसाठीं आडोसे उभारले, जहाजांवरील माल उतरविला. अशा नोंदींत लढाई नाहीं म्हणून पुष्कळजण त्या वगळतात. आमच्या मतें वेढा कसा निभावला हें त्यांवरूनच कळतें.

१० जुलै १९४३ रोजीं ही ब्रिगेड अर्कहार्ट यांच्या हाताखालीं सिसिलींत उतरली. त्या वेळीं ती स्वतंत्र असल्यामुळें आज एका, उद्यां दुसऱ्या डिव्हिजनला जोडली जाई. अजिराच्या लढाईंत ती कॅनडाच्या पहिल्या डिव्हिजनच्या हुकमतीखालीं होती. तेव्हां तेथील तिची हकीकत कॅनडाच्या दप्तरांतही पाहिली पाहिजे. त्याच वर्षीं ८ सप्टेंबरला ती इटलींत पोर्तो सान व्हेनेरे येथें उतरली. पुढें ५० व्या डिव्हिजनमध्यें सामील होऊन ६ जून १९४४ रोजीं तिनें नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ल आमेलपाशीं मोठी झुंज दिली.

या साऱ्या उतरणींत पलटणी मात्र त्याच तीन होत्या : दुसरी डेव्हनशायर, पहिली हॅम्पशायर व पहिली डॉर्सेटशायर. ब्रिगेड ही प्रसंगापुरती बांधलेली मोट. वंश चालतो तो पलटणीचा. यांपैकीं डॉर्सेट पलटण मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस परकी नाहीं. १८८१ सालच्या पुनर्रचनेपूर्वीं ती ३९ वी पायदळ पलटण होती. ती १७५७ सालीं प्लासीस लढली होती, आणि २९ डिसेंबर १८४३ रोजीं महाराजपूर येथें शिंद्यांच्या फौजेवर चालून गेलेल्या इंग्रज सैन्यांतही ती होती. त्या लढाईची इंग्रजांकडील बाजू धुंडाळणारानें '३९' या आंकड्यापाशीं न थांबतां डॉर्सेटच्या नांवाखालील कागदही तपासावेत.