मतदानयंत्र आणि अस्सल प्रत

जुन्या दफ्तरांचा अभ्यासक अस्सल व नक्कल यांचा भेद प्रथम पाहतो. कारकून प्रामाणिक होता एवढ्यानें कागद खरा ठरत नाहीं. तो ताडून पाहण्यास दुसरें साधन लागतें. हीच कसोटी मतदानयंत्रास लावून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उत्तरमेरूरच्या दहाव्या शतकांतील चोळ शिलालेखांत ग्रामसभेचे सभासद निवडण्याची रीत कोरलेली आहे. नांवें लिहिलेलीं ताडपत्रें घटांत घालून तीं सर्वांसमक्ष एका बालकाकडून काढवीत. विश्वासाची मदार रीत उघडी असण्यावर होती.

मतदानयंत्र प्रथम १९ मे १९८२ रोजीं केरळांतील परवूर येथें ५० केंद्रांवर वापरलें गेलें. कायद्याचा आधार नाहीं म्हणून सर्वोच्च न्यायालयानें १९८४ सालीं तेथील मतदान रद्द ठरविलें. पुढें कायद्यांत कलम ६१अ आलें आणि २००४ सालीं लोकसभेच्या सर्व मतदारसंघांत यंत्र पोहोंचलें. परंतु त्यांत केवळ आंकडा उरे, ताडण्याजोगी प्रत नसे. ती उणीव २०१३ सालच्या नियमदुरुस्तीनें आलेल्या कागदी चिठ्ठीनें भरून काढिली. मतदारास ती कांचेआड सात सेकंद दिसते व पेटींत पडते. चिठ्ठ्या व आंकडा यांत अंतर पडल्यास नियमानें चिठ्ठीच प्रमाण. अर्थात् चिठ्ठी अस्सल, आंकडा नक्कल.

मात्र प्रत्येक विधानसभाक्षेत्रांत पांचच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजण्याची रीत २०१९ पासून आहे. आमची मोर्शी वर्धा लोकसभा मतदारसंघांत मोडते. तेथें २६ एप्रिल २०२४ रोजीं मतदान चालू असतां त्याच दिवशीं सर्वोच्च न्यायालयानें सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी नाकारिली. तथापि पराभूत उमेदवारांस यंत्रें तपासून घेण्याची वाट दिली.

त्याच वर्षीं डिसेंबरांत सोलापूर जिल्ह्यांतील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनीं कागदी मतपत्रिकांवर स्वतःच फेरमतदान योजिलें. प्रशासनाच्या मनाईमुळें तें राहिलें. आमच्या मतें तें झालें असतें तरी निर्णायक ठरलें नसतें. नवा कागद जुन्याचा पुरावा होत नाहीं. पहिल्या मतदानाच्या चिठ्ठ्या मोजणें हाच खरा ताळा. परंतु ग्रामस्थांची शंका हंसण्यावारी नेणेंही योग्य नव्हे. पांच केंद्रें चिठ्ठ्या टाकून निवडितात. ही उत्तरमेरूरचीच रीत होय. तिचें मोल पाहणाऱ्यांवर आहे. म्हणून उमेदवारांच्या प्रतिनिधींनीं त्या वेळीं जागेवर हजर राहून मोजणी डोळ्यांनीं पाहावी. अस्सल प्रत असूनही ती कोणी उलगडून पाहिली नाहीं, तर दफ्तर असून नसल्यासारखेंच.