बारनवापाऱ्यात सांबराच्या मागावर

ज्या मध्यप्रांतात एके काळी शिकारीचे परवाने रीतसर मिळत, तेथे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील 1991 च्या दुरुस्तीने हरणावर बंदूक रोखण्यास सक्त मनाई झाली; परंतु अपरिचित रानात मृगाचा माग काढण्याची विद्या अबाधित आहे, आणि रायपूरकरांस तिच्यासाठी 1976 साली घोषित झालेल्या बारनवापारा अभयारण्याहून सोयीचा इलाखा (माझा पक्षपात गृहीत धरावा) दुसरा नाही. पावसाळ्यात प्रवेश बंद असतो. उन्हाळ्यात पाणवठे आटत जातात आणि जनावरे उरलेल्या पाण्याकडे वळतात, म्हणून तोच काळ उत्तम. गाडीतूनच वाटेकडेची धूळ निरखावी: चितळाहून ठळकपणे मोठा, टोकाशी निमुळता खूर सांबराचा, आणि ठशाच्या कडा अजून ढासळल्या नसतील तर माग ताजा समजून, वारा तोंडावर घेत, इंजिन बंद करून थांबावे.