घसाऱ्यावर उभ्या राहिलेल्या पवनचक्क्या

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या आणि पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर १९९०च्या दशकाअखेरीस पवनचक्क्यांची रांग लागली. त्यामागे सह्याद्रीच्या वाऱ्याइतकाच जोर होता तो प्राप्तिकर कायद्यातल्या कलम ३२चा. पवनचक्कीचा १०० टक्के घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी मिळणारी वजावट, पहिल्याच वर्षी नफ्यातून वजा करायची मुभा तेव्हा होती. २००२मध्ये ती ८० टक्क्यांवर आली.

हिशेब सरळ होता. पाच कोटींची पवनचक्की घेतली की चार कोटी नफ्यातून वजा. कराचा दर ३० टक्के धरला, तर त्या वर्षीचा एक कोटी वीस लाखांचा कर वाचला. त्यामुळे वीजधंद्याशी काडीचाही संबंध नसलेले उद्योजक यात उतरले. मात्र यंत्र वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल, तर घसारा निम्माच मिळे. म्हणून सप्टेंबर सरायच्या आत, आणि ते हुकलं तर ३१ मार्चपूर्वी, यंत्र सुरू करायची धांदल उडे.

या सवलतीनं देशात एक उद्योग उभा केला, हे मान्य करायलाच हवं. पुण्यात मुख्यालय असलेली सुझलॉन त्याच काळात वाढली. पण सवलत मिळे ती यंत्र बसवल्याबद्दल. ते वीज किती देतं, हे कुणी विचारत नव्हतं. ही खोट ओळखून डिसेंबर २००९मध्ये केंद्रानं हा वाढीव घसारा न घेणाऱ्यांसाठी युनिटमागे ५० पैसे अनुदानाची योजना आणली. दिशा योग्य होती.

मग धरसोड सुरू झाली. १ एप्रिल २०१२पासून वाढीव घसारा बंद झाला आणि त्याच सुमारास अनुदानही थांबलं. आदल्या वर्षी देशात सुमारे ३,२०० मेगावॉटच्या पवनचक्क्या बसल्या होत्या. त्या वर्षी जेमतेम १,७००. पुढच्या वर्षी अनुदान परतलं, २०१४च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री अरुण जेटलींनी घसाराही परत आणला. एप्रिल २०१७पासून त्यावर ४० टक्क्यांची मर्यादा आली. त्याच सुमारास पवनवीज खरेदीसाठी लिलावपद्धत सुरू झाली, पहिल्या लिलावात दर युनिटला ३ रुपये ४६ पैशांवर उतरला आणि उभारणी पुन्हा कोसळली. सवलत कमी होणं उद्योगानं पचवलं असतं. वेळापत्रक आधी न कळणं जास्त महागात पडलं.

जीएसटीतही तेच घडलं. ऑक्टोबर २०२१मध्ये पवन आणि सौर उपकरणांवरचा दर ५ वरून १२ टक्के झाला. २२ सप्टेंबर २०२५पासून तो पुन्हा ५ टक्के. मधल्या काळात जुन्या दरानं बोली जिंकलेल्या कंपन्यांनी वाढीव कराची भरपाई मागत वीज नियामक आयोगांचे दरवाजे ठोठावले.