शहराचा मैला, वखारीचा कोळसा आणि गुरांचे कुरण

तबेला चालविणाऱ्यास विचारा, पैसा कशात जातो? उत्तर ठरलेले आहे: चारा आणि खुराक. दूधधंद्यातील निम्म्याहून अधिक खर्च यातच होतो. म्हणून गवत स्वस्तात वाढविण्याची कोणतीही युक्ती निघाली की धंदेवाल्याचे कान टवकारतात. सध्या अशा दोन वस्तूंची बरीच चर्चा आहे. एक म्हणजे शहरातील मैलापाण्याच्या शुद्धीकरणातून उरणारा, प्रक्रिया केलेला गाळ आणि दुसरी म्हणजे जमिनीत मिसळण्यासाठी तयार केलेला कोळसा, ज्याला 'बायोचार' म्हणतात.

यातील पहिली वस्तू आपल्याला नवी नाही. सोनखत हा शब्द मराठीत जुनाच आहे. अमेरिकेतील मिलवॉकी शहर तर १९२६ पासून आपला गाळ वाळवून 'मिलॉर्गनाइट' या नावाने पोत्यांतून विकत आहे. मैल्याचाही माल होऊ शकतो, हे त्या शहराने दाखवून दिले.

मात्र कुरणासाठी याचा खरा वापर पाहायचा तर फ्लोरिडाकडे पाहावे लागते. तेथे वीस लाख एकरांहून अधिक जमिनीवर बाहिया नावाचे गवत आहे. गाई पाळून वासरे विकणे हा तेथील मुख्य पशुधंदा. जमीन वाळूची, त्यामुळे घातलेले खत पावसाबरोबर खाली निघून जाते. शहरांना गाळाची विल्हेवाट हवी आणि गुरेवाल्यांना खत हवे, असा सौदा जमला. गाळ बहुधा फुकट किंवा नाममात्र दरात शेतापर्यंत पोहोचतो. शंभर किलो सुक्या गाळात साधारण ३ ते ६ किलो नत्र असते आणि ते हळूहळू सुटते. वासरांच्या भावात खताचा खर्च बसत नाही अशा वर्षी हा मोठाच आधार.

मग अडले कोठे? स्फुरदापाशी. गवताला नत्राच्या मानाने स्फुरद फार थोडे लागते. नत्राचा हिशेब धरून गाळ टाकला की स्फुरद गरजेच्या कितीतरी पट पडते आणि ओढ्यानाल्यांतून तळ्यात उतरते. ओकीचोबी या प्रचंड तळ्यात हिरव्या शेवाळाचे थर साचू लागले. २०१६ साली तर तेथे आणीबाणी जाहीर करावी लागली. स्फुरद काही एकट्या गाळाचे नव्हते, खत आणि शेणही त्यात होते. तरी त्या तळ्याच्या पाणलोटात गाळ टाकण्यावर २००७ च्या कायद्यानंतर कडक बंधने आली. गाळाच्या गाड्या दुसऱ्या नदीच्या खोऱ्याकडे वळल्या आणि २०२० साली संपूर्ण राज्यासाठी नियम आवळावे लागले.

येथे कोळसा कामास येईल का, हा संशोधकांचा प्रश्न आहे. लाकूड किंवा भुसा हवा जवळजवळ बंद करून सुमारे ३५० ते ७०० अंशांवर भाजला की सच्छिद्र कोळसा मिळतो. वाळूच्या जमिनीत तो पाणी आणि नत्राचा काही भाग धरून ठेवतो. परंतु स्फुरद धरण्यात साधा कोळसा कच्चाच. आणि कोळसा हे खत नव्हे, हे आमच्या व्यापारी बांधवांनी नीट लक्षात ठेवावे. गवत वाढते ते गाळाने किंवा शेणखताने. कोरडा, ताजा कोळसा घातला तर तो जमिनीतील नत्र काही काळ स्वतःच धरून बसतो. म्हणून आधी शेण-मुताच्या रबडीत काही आठवडे मुरवावा लागतो. शिवाय प्रयोगांत हेक्टरी १० ते २० टन कोळसा वापरतात. एवढा माल विकत घेऊन साध्या कुरणावर टाकणे परवडणारे नाही, असे आमचे मत आहे. ज्याच्या सॉ मिलमध्ये भुसा पडून राहतो आणि शेजारी तबेला आहे, त्याचा हिशेब मात्र वेगळा. रंग लावलेले किंवा औषध पाजलेले लाकूड यासाठी मुळीच घेऊ नये.

जमीनही पाहावी. कोळसा बहुधा अल्कधर्मी असतो. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या मातीला तो मानवेल. घाटावरच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीला त्याने लाभ होण्याऐवजी त्रासच व्हायचा.

आता आरोग्याविषयी. गुरे चरताना गवताबरोबर मातीही खातात. मैल्यातील पट्टकृमीची अंडी पोटात गेली की गुरांच्या मांसात गाठी होतात आणि ते जनावर कत्तलखान्याच्या तपासणीत नापास होते. अमेरिकेत १९९३ च्या नियमांनुसार, अर्धवट निर्जंतुक झालेला 'ब' वर्गाचा गाळ टाकल्यावर ३० दिवस गुरे सोडता येत नाहीत. मेंढ्या पाळणाऱ्यांनी तांब्याचे प्रमाण विशेष तपासावे, कारण मेंढीला जास्त तांबे सोसत नाही. त्याहून वाईट अनुभव मेन राज्याचा. चिवट, सहजासहजी विघटन न होणारी औद्योगिक रसायने गाळातून कुरणात, कुरणातून दुधात उतरली आणि दूधवाल्यांचा धंदा बसला. तेथे २०२२ साली गाळ शेतात टाकण्यावर बंदीच आली.

गाळात हे येते कोठून? मुलामा देण्याच्या कारखान्यांतून, कातडी कमावण्याच्या कुंड्यांतून, म्हणजे आपल्यातील अनेकांच्या मोरीतूनही. क्रोमचे पाणी शहराच्या गटारात सोडले की त्या शहराचा गाळ खत म्हणून निकामी होतो. गाळाचाच कोळसा केला तर जंतू मरतात, पण धातू जात नाहीत, उलट दाट होतात. आपल्याकडे शहरी कंपोस्टसाठी किलोमागे क्रोमियम ५०, शिसे १०० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. कोणी स्वस्तात गाळखत देऊ केले तर आधी या तीन धातूंचा प्रयोगशाळेचा दाखला मागावा. तो नसेल तर माल चाऱ्याच्या शेतात उतरवून घेऊ नये. दाखला असला तरी पहिल्या वर्षी एका वाफ्यावर टाकावा, शेजारचा वाफा तसाच ठेवावा आणि दोन्हींचे गवत कापून वजन करावे.